फर्निचर बिघडतं ते करवत लावायच्या आधीच : या चुका टाळा

टेबलाचा फळा तडकला की आपण लाकडाला दोष देतो. मीही दिला होता. माझ्या पहिल्या मोठ्या टेबलाचा ९० सेंटिमीटर रुंदीचा फळा मी खालच्या चौकटीला चारी बाजूंनी स्क्रूने आवळून टाकला होता. कोरडी हवा आली, फळा आकसायला लागला, आणि सरकायला जागाच नसल्यामुळे मधोमध चिरला. लाकूड चांगलं होतं. चूक तडा जायच्या कितीतरी महिने आधीची, स्क्रू आवळला त्या दिवसाची होती.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र हवेतल्या ओलाव्याबरोबर सतत हलतं. वाढीच्या वर्तुळांना धरून होणारी ही हालचाल त्यांना काटकोनात होणाऱ्या हालचालीच्या साधारण दुप्पट असते. ९० सेंटिमीटरच्या फळ्यात हवामान बदललं की ५-६ मिलिमीटरचा फरक सहज पडतो. म्हणून फळा मधोमध पक्का करा आणि कडेच्या स्क्रूंची भोकं रुंदीच्या दिशेने लांबट ठेवा. नाहीतर चौकटीच्या आतल्या बाजूला खाच पाडून त्यात सरकणारे छोटे लाकडी ठोकळे बसवा. घरातल्या फर्निचरसाठी लाकडात ८ ते १२ टक्के ओलावा असावा. नवी फळी आणली की मध्ये पट्ट्या घालून, दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशी निदान दोन आठवडे कामाच्या जागेत ठेवा. घाई करायची तर बाकी कुठेही करा, इथे नको.

सांधा जुळत नसेल तर आधी गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) तपासा. सरळ कडेला गुण्या लावून एक रेघ ओढा, तो उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी ओढा. दोन रेघांमध्ये जेवढी फट दिसेल, गुण्याची चूक तिच्या निम्मी. कपाटाचा सांगाडा क्लॅम्पमध्ये असतानाच दोन्ही कर्ण मोजा. फरक असेल तर लांब कर्णाच्या दिशेने दाब द्या. ग्लू सुकल्यावर मोजून उपयोग नाही.

रंधा मारताना लाकूड उचकटतंय? नव्वद टक्के वेळा, असं मी म्हणणार नाही, पण पहिला संशय पात्यावर घ्या. २५ अंशांवर घासलेलं पातं शेवटी ३० अंशांवर दगडावर फिरवलं की धार टिकते. मागची बाजू सपाट नसेल तर पुढून कितीही घासा, धार येत नाही. पातं ठीक असेल तर फळी फिरवून नसेच्या, म्हणजे लाकडातल्या तंतूंच्या, दिशेने रंधा मारून बघा. टेबल सॉवर (टेबलात बसवलेल्या गोल करवतीवर) कडा जळत असेल तर पात्याचा एक दात खडूने खुणावा. मशीनच्या टेबलावरच्या, पात्याशेजारच्या लांब खाचेपासून त्याचं अंतर पुढे मोजा, पातं हाताने फिरवून तोच दात मागे आणा आणि पुन्हा मोजा. मोजण्याआधी मशीनचा प्लग काढायचा, हे सांगून ठेवतो. दोन्ही मापं सारखी आली, म्हणजे पातं ठीक निघालं, तर कुंपण (लाकूड टेकवून पुढे सरकवायची आडपट्टी) त्याला समांतर आहे का पाहा. कुंपण मागच्या बाजूला पात्याकडे झुकलं असेल तर लाकूड नुसतं जळत नाही, उलटं अंगावर फेकलं जातं.

आता कामाची जागा. भिंतीवर हत्यारं ओळीने टांगलेली छान दिसतात, पण मांडणी दिसण्यासाठी नको, हात पोचण्यासाठी हवी. पटाशी, मोगरी (लाकडी हातोडा), खतावणी (कडेला समांतर रेघ आखायचं हत्यार), पेन्सिल बाकापासून एका पावलावर. क्लॅम्प ग्लूच्या जागेशेजारी, कारण ग्लू लावल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो. दिवा डोक्यावर एकच असेल तर ओरखडे दिसत नाहीत, बाजूने तिरका उजेड पाडा. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती सुकताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

सर्वांत जास्त नुकसान मात्र मला फोटोवरून केलेल्या नकलेत दिसतं. डॅनिश डिझायनर हान्स वेगनर यांची १९४९ ची विशबोन खुर्ची पाहून अनेकांना ती वळलेली पाठ करावीशी वाटते. मूळ पाठ वाफेने वाकवलेली आहे, त्यामुळे तंतू वळणाबरोबर वळतात. तेच वळण सरळ फळीतून कापलं तर काही ठिकाणी नस आडवी जाते आणि कुणी रेलून बसलं की पाठ तिथेच मोडते. फोटोत आकार दिसतो, नस दिसत नाही. मापंही दिसत नाहीत : बैठक साधारण ४३-४५ सेंटिमीटर उंच, टेबल ७३-७५. शेल्फचंही तसंच. तेच वजन ठेवून लांबी दुप्पट केली तर झोल आठपट होतो. पुढच्या कडेला खाली उभी पट्टी लावली की बराच आटोक्यात येतो.

डिझाइन आवडलं तर आधी पुठ्ठ्यात पूर्ण मापाचा नमुना करा. खुर्ची असेल तर पुठ्ठ्यावर बसता येत नाही, म्हणून टाकाऊ लाकडात ठोकून करा आणि त्यावर अर्धा तास बसून बघा. पाठीचा कोन चुकलाय की नाही, ते पाच मिनिटांत कळत नाही.