वेगवेगळ्या आकारांच्या आणि किमतींच्या नव्या गाड्यांची तुलना कशी करावी

नवी गाडी घ्यायची म्हटले की बहुतेक घरांत आधी मॉडेल ठरते आणि मग त्याच आकाराच्या दोन-तीन गाड्यांची तुलना होते. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. आधी ऑन-रोड रकमेची, म्हणजे कर, विमा, नोंदणी धरून होणाऱ्या एकूण खर्चाची वरची मर्यादा ठरवावी आणि तिच्यात बसणाऱ्या हॅचबॅक, सेडान, एसयूव्ही व सात आसनी अशा सर्व गाड्या एकाच तक्त्यात मांडाव्यात. कारण लहान गाडीचे टॉप मॉडेल आणि मोठ्या गाडीचे बेस मॉडेल पुष्कळदा एकाच पैशात येतात आणि खरी निवड या दोहोंमध्येच करायची असते.

तक्त्यात एक्स-शोरूम किंमत, म्हणजे रस्ता कर आणि विमा न धरलेली किंमत, घेऊ नये. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, त्यापुढे २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्याहून महाग गाडीला १३ टक्के एकरकमी रस्ता कर बसतो. डिझेलला प्रत्येक टप्प्यात दोन टक्के अधिक. पेट्रोल गाडी ९ लाख ९० हजारांची असेल तर कर १,०८,९०० रुपये होतो, तर १० लाख १० हजारांच्या गाडीवर तो १,२१,२०० रुपये होतो आणि शिवाय १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच गोळा केलेला प्राप्तिकर), म्हणजे १०,१०० रुपये, भरावे लागतात. टीसीएस पुढे प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो, परंतु गाडी घेताना २० हजारांचा फरक ४२,४०० रुपयांवर गेलेला असतो. विमा शोरूममधूनच घेण्याचे बंधन नाही. थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा घ्यावाच लागतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा मात्र एक वर्षाचा घेता येतो, म्हणून त्याचे दर बाहेरही विचारावेत.

लांबीचा संबंध करांशीही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना १८ टक्के जीएसटी लागतो, तर त्याहून मोठ्या गाड्यांना ४० टक्के. विजेवरच्या गाड्यांना आकार कोणताही असला तरी ५ टक्केच आहे.

मात्र लांबीवरून आतली जागा कळत नाही. डिझायर ही सेडान आणि नेक्सॉन ही एसयूव्ही, या दोन्ही गाड्या ३९९५ मिलिमीटर लांब आहेत आणि कंपन्यांच्या आकड्यांनुसार दोघींची डिकी ३८२ लिटरचीच आहे. फरक आहे तो ग्राउंड क्लिअरन्समध्ये, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या तळापर्यंतच्या उंचीत, डिझायरचा १६३ आणि नेक्सॉनचा २०८ मिलिमीटर. सात आसनी अर्टिगा ४४३५ मिलिमीटर, म्हणजे क्रेटा या एसयूव्हीपेक्षाही लांब, परंतु तिसरी रांग उभी असताना तिच्या डिकीत केवळ २०९ लिटर जागा उरते, जी स्विफ्ट या हॅचबॅकच्या २६५ लिटरपेक्षाही कमी आहे. सातजणांना बॅगांसह गावी जायचे असेल, तर हा एकच आकडा निर्णय फिरवू शकतो. सीएनजी गाडीत सिलिंडर डिकीची किती जागा घेतो, हे शोरूममध्ये डिकी उघडूनच पाहावे.

सुरक्षेसाठी भारत एनकॅपचे, म्हणजे गाडी आदळवून घेतलेल्या सरकारी सुरक्षा चाचणीचे, तारे पाहावेत. ही चाचणी २०२३ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात प्रौढ व बालक यांचे गुण स्वतंत्र दिले जातात. लहान मुले असतील तर बालकांचा आकडा आधी वाचावा. सनरूफसाठी सुरक्षेच्या सुविधा सोडाव्यात, हे मला मुळीच पटत नाही.

इंधनाचा हिशेब भागाकाराने सुटतो. समजा, सीएनजी मॉडेल ९० हजारांनी महाग आहे आणि दर किलोमीटरला अडीच रुपये वाचतात. तर जादा पैसे ३६ हजार किलोमीटरनंतर वसूल होतील. वर्षाला सहा हजार किलोमीटरच चालवणाऱ्याला त्यासाठी सहा वर्षे लागतील. मायलेजचे अधिकृत आकडे प्रयोगशाळेतले असतात, त्यामुळे त्यांचा उपयोग दोन गाड्यांच्या परस्पर तुलनेपुरताच करावा.

या तुलनेनंतर उरलेल्या दोन गाड्यांची टेस्ट ड्राइव्ह शक्यतो एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर घ्यावी. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणून उभी करून पाहावी आणि घरातील वडीलधाऱ्यांना मागच्या सीटवर बसवून चढ-उतार करायला सांगावे. पैसे भरण्यापूर्वी चासी क्रमांकावरून (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला क्रमांक) उत्पादनाचा महिना तपासावा, आणि गाडी मागील वर्षाची निघाल्यास त्याबद्दलची सूट लेखी घेतल्याशिवाय कोटेशन मान्य करू नये.