ओटीटीचा खर्च कमी करायचाय? आधी बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढा

घरात चार-पाच ओटीटी, वर केबल नाहीतर डिश, आणि तरी जेवताना सगळे मिळून अर्धा तास नुसतं स्क्रोल करत बसतात, असं होत असेल तर हे करून बघाच.

पहिलं, कार्डाचं आणि बँकेचं स्टेटमेंट काढा, तेही पूर्ण बारा महिन्यांचं, कारण वार्षिक प्लॅनचे पैसे एकदाच कापले जातात आणि नेमके तेच नजरेतून सुटतात. मग फोन बघा, अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलवर टॅप करून पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स, आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावाखाली सबस्क्रिप्शन्स. वेबसाइटवरून घेतलेलं तिथे दिसत नाही, म्हणून तर स्टेटमेंट लागतं. आणि ॲप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं असं अजिबात नाही! आमच्याकडे एका मॅचसाठी घेतलेलं आठ महिने कापलं जात होतं, ॲप कधीच उडवलेलं, फार जीवाला लागलं ते.

आता खरी सवय. एका वेळी एकच ओटीटी, आणि पैसे भरले की त्याच दिवशी ऑटो-रिन्यू बंद. बहुतेक ठिकाणी भरलेली मुदत संपेपर्यंत बघता येतं, त्यामुळे नुकसान काहीच नाही, आणि महिना संपला की पुन्हा घ्यायचं का ते आपण ठरवतो. नेटफ्लिक्स तर बंद केल्यावरही काही महिने प्रोफाइल आणि लिस्ट सांभाळून ठेवतं, म्हणजे परत आलात की सिरीज जिथे सोडली तिथूनच. फ्री ट्रायलचं मात्र जपून, काही ट्रायल कॅन्सल केल्या केल्या बंद पडतात, आणि ॲपलमार्फत घेतलेली ट्रायल संपायच्या किमान 24 तास आधी कॅन्सल करावी लागते, त्यामुळे घेतानाच फोनमध्ये दोन दिवस आधीचा रिमाइंडर लावा.

प्लॅनही तपासा. टीव्ही 4के नसेल तर 4के प्लॅनचे जास्तीचे पैसे कशाला?

केबलला हात लावण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा हं, त्यांचा अख्खा दिवस दोन-तीन चॅनलवर असतो, तेवढे ठेवा, बाकीची पॅक काढा. आणि फ्रिजवर एक कागद चिकटवा, कुठला महिना कोणाच्या आवडीचा, आमच्याकडे या महिन्यात लेकीचा नंबर आहे.