ट्रकवर नोकरी मागायला येताय? लायसनच्या या चुका टाळा

कळंबोलीला स्टील मार्केटजवळ आमचं छोटं ट्रान्सपोर्ट ऑफिस आहे आणि ड्रायव्हर ठेवायचं काम माझ्या गळ्यात. तळोजा, न्हावाशेवा, भिवंडी, या फेऱ्यांसाठी पोरं येतात आणि दर वेळी तेच घोळ घालतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

सगळ्यात मोठा घोळ तारखेचा. लायसनच्या कार्डावर दोन तारखा असतात, एक एनटी आणि एक टीआर. एनटी म्हणजे तुमची बाईक, घरची कार, ती तारीख लांबची असते. टीआर म्हणजे ट्रान्सपोर्ट, ती ५ वर्षांत संपते, २०१९ ला कायदा बदलायच्या आधी तर ३ वर्षांतच संपायची. पोरगं मोठी तारीख बघतं आणि बिनधास्त फिरतं.

पोरांना कशाला बोलू, मी स्वतः यात तोंडावर आपटलोय. एक काका होते, वीसेक वर्षं स्टिअरिंगवर, निर्व्यसनी, बोलायला सोन्यासारखा माणूस. मी झेरॉक्स घेतली, फाईलला लावली, संपलं. नेमका टीआरच्या तारखेवर झेरॉक्सचा काळा पट्टा आला होता आणि मी म्हटलं जाऊदे, काका आहेत. तिसऱ्या आठवड्यात शीळफाट्याला पुढच्या टेम्पोला ठोकली. कोणाला लागलं नाही देवाच्या कृपेने, पण आमचा बंपर, रेडिएटर, पुढची काच सगळं गेलं. विम्याचा क्लेम टाकला तर कंपनीच्या सर्व्हेअरने आधी लायसन मागितलं, आणि टीआर ४ महिन्यांपूर्वीच संपलेली! क्लेम बोंबलला. काका पण खरंच हबकले, त्यांनी एनटीचीच तारीख धरली होती. शेठ मला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हापासून झेरॉक्स बंद. लायसन नंबर आणि जन्मतारीख विचारतो आणि समोरच मोबाईलवर परिवहनच्या साईटला टाकतो. तुम्ही पण येण्याआधी घरी बसून हेच करा, फुकट आहे. रिन्युअल तारखेच्या वर्षभर आधीपासून करता येतं. संपून वर्ष उलटलं तर परत टेस्ट द्यावी लागते. डॉक्टरचा फॉर्म १ए लागतो, तो आधी भरून घ्या.

दुसरा घोळ, लपवणं. दारू पिऊन चालवली, सिग्नल तोडला, ओव्हरलोड नेला, चालवताना मोबाईल, यात लायसन ३ महिने सस्पेंड होतं, ते रेकॉर्डला दिसतं. एक पोरगा आला, लॅमिनेट केलेली कलर झेरॉक्स घेऊन. ओरिजिनल कुठे? "गावी राहिलं, दादा." मधले तीन महिने काय केलं? "आजी आजारी होती." नंबर टाकला तर सस्पेंड. पोरगा चहाच्या ग्लासकडे बघत बसला. आधीच सांगितलं असतं की थर्टीफर्स्टला पकडलं, कार्ड आरटीओत अडकलंय, तर मी म्हटलं असतं मुदत संपली की ये, तोपर्यंत क्लीनर म्हणून चढ. असे दोन जण आज आमच्याकडे ट्रेलर चालवतात. याला परत पाठवला, कारण जो आजीला मध्ये घालतो तो उद्या डिझेलचा हिशोब काय देणार.

बाकी भराभर. एजंट "रेकॉर्ड साफ करून देतो" म्हणाला तर पैसे गेले समजा. दुसऱ्या राज्यातून दुसरं लायसन काढायची आयडिया तर अजिबात नको, एका माणसाला एकच लायसन ठेवता येतं. आधीच्या मालकाचा नंबर म्हणून मेव्हण्याचा नंबर देऊ नका, दोन प्रश्नांत कळतं. चलान गाडीच्या नंबरवर येतं म्हणून आपला काय संबंध असं नसतं, नाक्यावर लायसन दाखवून फाडलं असेल तर तुमचाही नंबर चढतो. तळोज्यात केमिकलचा टँकर हवा असेल तर हॅझार्डसचं, म्हणजे धोकादायक मालाचं, एंडोर्समेंट (लायसनवरची नोंद) वेगळं, ते ३ वर्षांचं.

आणि घाईवाले. नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडी चालते. ते व्हॉट्सॲपवर वाचून पोरं थेट ४० फुटी कंटेनरची चावी मागतात. अरे तो आकडा मालासकट आहे, आमची रिकामी गाडीच त्याच्या वर जाते! हेवीचं लायसन काढा, मग या, आणि येताना ओरिजिनल कार्ड आणा. सकाळी अकरानंतर या, त्याआधी गाड्या लोड होत असतात, मी फोन पण उचलत नाही.