शुगर पण आणि किडनी पण, मग खायचं काय?

शुगरवाल्याला वर्षानुवर्षं जे खा खा म्हणून सांगितलेलं असतं, तेच किडनीचा रिपोर्ट बिघडला की जपून खा म्हणतात आणि माणूस पार गोंधळून जातो. कडधान्यं, सुकामेवा, टोमॅटोचं सूप, हे सगळं इतके दिवस चांगलं होतं ना? होतं की. पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि किडनी मंदावली की ते रक्तातच साठायला लागतं. बाबांच्या वेळी आम्ही हे चुकत माकत शिकलो म्हणून लिहितेय.

आधी ताजे रिपोर्ट काढून समोर ठेवा. ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा, जितका कमी तितकी किडनी थकलेली), क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा), पोटॅशियम, फॉस्फरस, लघवीतलं अल्ब्युमिन (लघवीतून गळणारं प्रोटीन). पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मध्ये असेल तर घाबरून सगळी फळं भाज्या सोडायची गरज नसते. लोक काय करतात, कुणीतरी फॉरवर्ड केलेली यादी फ्रीजवर चिकटवतात, ती असते डायलिसिसवाल्याची आणि यांचा ईजीएफआर ५५, म्हणजे डायलिसिसपासून बराच लांब! दुसऱ्याची यादी आपल्याला चालत नाही, आणि आपलीच मागच्या वर्षीची यादी पण यंदा चालेल असं नाही.

आता मीठ. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक टीस्पून, आणि ब्रेड, सॉस, चिप्स, पाकिटातलं सूप यातलं लपलेलं मीठ पण त्यातच धरायचं. आम्ही नेमकी इथेच माती खाल्ली. मीठ कमी करा म्हटल्यावर मी हुशारीने लो सोडियम मीठ आणलं, चव जवळजवळ तशीच त्यामुळे बाबा खुश, मी पण खुश, आणि पुढच्या टेस्टला पोटॅशियम ५.९. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, मीठ कुठलं वापरता? घरी येऊन पाकीट उलटं करून वाचलं तर बारीक अक्षरात पोटॅशियम क्लोराइड. म्हणजे सोडियम काढून त्या जागी तेच घातलेलं जे आम्हाला नको होतं. तेव्हापासून साधंच मीठ, पण मोजून. सकाळी छोट्या डबीत त्यांचं दिवसभराचं मीठ काढून ठेवते, डबी संपली की विषय संपला. लिंबू, मिरी, लसूण यांनी बरीच चव येते. पहिले काही आठवडे तोंड वाकडं होतं, मग जिभेला सवय होते.

प्रोटीनचं गणित सोपं आहे पण लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. डायलिसिस सुरू नसेल तर साधारणपणे वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅम धरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ४८. एका अंड्यात ६, कपभर दुधात ८, १०० ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये २५ च्या वर, म्हणजे एका जेवणात चिकन दाबून हाणलं की निम्म्याहून जास्त कोटा तिथेच गेला. पण भीतीने प्रोटीन बंदच करू नका, स्नायू झडतात, अशक्तपणा येतो. आणि डायलिसिस सुरू झालं की सगळं उलटं, १ ते १.२ ग्रॅम लागतं, कारण डायलिसिसमध्ये प्रोटीन निघून जातं.

पोटॅशियम खरंच वाढलेलं असेल तर बटाटा वगैरे सोलून बारीक फोडी करायच्या, भरपूर पाण्यात उकळायच्या आणि पाणी फेकून द्यायचं. नुसतं भिजवून फारसं काही होत नाही. आणि ते पाणी पौष्टिक म्हणून रश्श्यात ओतायचं नाही, मी सांगतेय कारण ओतणारे आहेत! फळांत सफरचंद, पेअर, अननस यात पोटॅशियम कमी, केळं, खजूर, मनुका यात जास्त. पण कमी पोटॅशियम म्हणजे कमी साखर नव्हे, म्हणून एका वेळी एक लहान फळ किंवा तेवढ्याच फोडी, ज्यूस नाही. कमरख (स्टार फ्रूट) मात्र किडनीवाल्याने अजिबात तोंडात घालायचं नाही, त्यातलं विष थेट मेंदूवर परिणाम करतं.

फॉस्फरस पण किडनी मंदावली की रक्तात साठतो, त्यासाठी पाकिटावरच्या घटकांत फॉस्फेट शब्द शोधा. वरून घातलेलं फॉस्फेट शरीर जवळजवळ सगळं शोषतं, डाळी आणि धान्यातलं निम्मं किंवा त्याहून कमी. त्यामुळे डाळीपेक्षा काळा कोला आणि प्रोसेस्ड मांस आधी बंद करा.

आता शेवटचं, जे आम्हाला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. शुगर आपोआप छान यायला लागली तर खुश होऊ नका. इन्सुलिन शरीराबाहेर काढायचं काम किडनी पण करते, ती थकली की इन्सुलिन जास्त वेळ रेंगाळतं आणि तोच डोस जड पडायला लागतो. एकदा रात्री बाबा घामाने ओलेचिंब, शुगर ५४, आणि मी सवयीने संत्र्याचा ज्यूस काढला, जो त्यांच्या पोटॅशियमला बरा नव्हता. आता उशाशी ग्लुकोज पावडर असते. ७० च्या खाली आली की १५ ग्रॅम पाण्यात घालून द्यायची, १५ मिनिटांनी परत मोजायचं, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची. आणि असं झालं की लगेच डॉक्टरांना फोन करून डोसचं विचारायचं, रोज दोन घास जास्त खाऊन कमी झालेली शुगर भागवत बसायचं नाही.