ईव्ह ऑनलाइनमध्ये भाड्याने कसं लढावं आणि पैसे कसे वसूल करावेत

ईव्ह ऑनलाइन या अंतराळयानांच्या ऑनलाइन खेळात दुसऱ्यांची भांडणं लढून पैसे मिळतात. पण ते पैसे गेम देत नाही, भांडणात अडकलेला दुसरा खेळाडू देतो. त्यामुळे जहाज चालवण्यातल्या हुशारीपेक्षा सौदा नीट ठरवता येणं जास्त कामाला येतं. नवे भाडोत्री लढाईत कमी आणि सौद्यात जास्त बुडतात, म्हणून हा लेख तोफांपेक्षा सौद्याबद्दल जास्त बोलतो.

आधी ‘पैसे’ म्हणजे काय ते बघू. आइसलंडमधल्या सीसीपी गेम्सने मे २००३ मध्ये सुरू केलेल्या या खेळात चीन सोडून सगळं जग एकाच सर्व्हरवर खेळतं आणि सगळे व्यवहार आयएसके या खेळातल्या चलनात होतात. आयएसके रुपयांत विकायला सीसीपीची सक्त मनाई आहे. पकडले गेलात तर अकाउंट जातं. कायदेशीर फायदा एकच. आयएसके देऊन खेळातल्या बाजारातून प्लेक्स, म्हणजे सभासदत्वासाठी मोडता येणारं दुसरं चलन, विकत घ्यायचे आणि ५०० प्लेक्स मोडून ३० दिवसांचं ओमेगा, म्हणजे एरवी वर्गणी भरून मिळणारं, सभासदत्व मिळवायचं. महिन्याची वर्गणी खिशातून जात नाही, हीच इथली खरी कमाई. घर चालवायचा बेत असेल तर इथेच थांबा.

गिऱ्हाईक कोण असतं ते ओळखा

‘अमक्याला संपवा’ म्हणत येणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं, आणि भेटलं तरी रागाच्या भरात आलेलं असतं. राग ओसरला की पैसेही ओसरतात. टिकाऊ गिऱ्हाईक म्हणजे धंदा करणारी कॉर्पोरेशन (थोडक्यात कॉर्प), खेळाडूंनी मिळून काढलेली कंपनी. तिच्या चंद्राशेजारी प्रतिस्पर्ध्याने अ‍ॅथनर, म्हणजे खाणकामाची रिफायनरी उभारलेली असते. किंवा तिच्यावर कोणीतरी युद्ध पुकारलेलं असतं आणि तिचे सगळे सभासद मालवाहू जहाजं चालवणारे असतात. अशा लोकांना सूड नको असतो, अडथळा दूर व्हायला हवा असतो.

स्वतःची कॉर्प काढू नका, आधी एखादीत शिरा

भाडोत्री कॉर्पमध्ये घेताना तुमच्या पात्राचा सगळा इतिहास मागतात: आधीच्या कॉर्प, पाकिटातले व्यवहार, दुसरी पात्रं. राग मानू नका. २००५ मध्ये गायडिंग हँड सोशल क्लब नावाच्या भाडोत्री टोळीने महिनोन्‌महिने आपली माणसं युबिक्वा सेराफ या कॉर्पमध्ये पेरली, प्रमुखाचा विश्वास मिळवला आणि एके दिवशी गोदामं रिकामी करून प्रमुखालाही ठार केलं. ठरलेली सुपारी १ अब्ज आयएसकेची होती. हाती लागलेला माल आणि केलेलं नुकसान मिळून ३० अब्जांच्या घरात गेलं. सीसीपीने काहीही परत केलं नाही, कारण या खेळात फसवणूक नियमात बसते. तेव्हापासून जुनी माणसं नव्या माणसाकडे संशयाने बघतात, आणि ते बरोबरच आहे.

आत शिरल्यावर मोठ्या जहाजाचा हट्ट धरू नका. टेहळणी करणारा, शत्रूला पकडून ठेवणारं छोटं जहाज चालवणारा, आपल्या जहाजांची दुरुस्ती करणारा लॉजी पायलट, या तिघांची सगळीकडे टंचाई असते.

युद्धाचे नियम पाठ करा

सुरक्षित अंतराळात, म्हणजे हायसेकमध्ये, उगीच गोळी झाडलीत तर कॉनकॉर्ड नावाचे पोलीस तुमचं जहाज उडवतात. कायदेशीरपणे लढायचं तर युद्ध पुकारावं लागतं. त्याची फी आठवड्याला १० कोटी आयएसके. लढाई २४ तासांनी सुरू होते. ज्या कॉर्पचं अंतराळात स्वतःचं बांधकाम आहे तिच्यावरच युद्ध पुकारता येतं, आणि पुकारणाऱ्यालाही आपलं एक बांधकाम युद्धाचं मुख्यालय म्हणून दाखवावं लागतं. ते पडलं की युद्ध संपलं. म्हणजे सौदा करताना स्वतःच्या मुख्यालयाचा धोकाही किमतीत धरायला हवा, आणि कॉनकॉर्डची फी गिऱ्हाईकाकडून वेगळी, आगाऊ घ्यायला हवी. मोबदल्यात ती मिसळली की चौथ्या आठवड्यात तुम्ही फुकट लढत असता.

भाव ठरवण्याआधी लक्ष्य बघून या

बांधकामात इंधन आहे का, हा पहिला प्रश्न. चालू बांधकामाची ढाल केव्हाही फोडता येते, पण मग ते काही काळ अभेद्य होतं आणि मालकाने आधीच ठरवून ठेवलेल्या तासाच्या आसपास पुन्हा उघडं पडतं. अशी ठरलेली वेळ म्हणजे टायमर; ते पार करावे लागतात. इंधन संपलेल्या बांधकामाला एकच टायमर असतो. सात दिवस बिनइंधनाचं राहिलं तर ते बेवारस ठरतं आणि एका बैठकीत पडतं. बेवारस अ‍ॅस्ट्राहससाठी (हा बांधकामाचाच एक प्रकार) पूर्ण भाव लावणारे भाडोत्री आहेत; गिऱ्हाईकाला महिनाभराने ते कळतंच.

दुसरा प्रश्न तासाचा, आणि इथे आपल्याकडच्या खेळाडूंचं पारडं जड आहे. खेळाचं घड्याळ यूटीसीवर चालतं, आपण साडेपाच तास पुढे. युरोपची संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्र, पण ऑस्ट्रेलियाची संध्याकाळ आपल्या दुपारी दीडच्या सुमारास सुरू होते. सर्व्हर रोज ११:०० यूटीसीला, म्हणजे आपल्या दुपारी साडेचारला, देखभालीसाठी बंद होतो. त्याच्या आसपासच्या तासांत युरोप आणि अमेरिकेची माणसं कामावर किंवा झोपेत असतात. म्हणून कितीतरी मालक आपला टायमर मुद्दाम तिथेच लावतात. रविवारी दुपारी पुण्यात, ठाण्यात किंवा मेलबर्नमध्ये मोकळे असणारे दहा मराठी खेळाडू ही फ्लीट कमांडरसाठी पर्वणी असते. ‘मी या तासांत नक्की हजर असतो’ हे अर्जातच लिहा. त्या तासांचा भावही जास्त मागा.

तिसरा प्रश्न जहाजांचा. मराठी फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन येई, बारगिराला घोडा सरकारातून मिळे, आणि पेंढारी लुटीवर जगे. इथेही हेच तीन करार चालतात. स्वतःची जहाजं उतरवणार असाल तर मोबदला चढा हवा. गिऱ्हाईक प्रत्येक बुडालेलं जहाज भरून देणार असेल तर मोबदला कमी चालेल, पण कोणतं जहाज कोणत्या फिटिंगसह, म्हणजे त्यावरच्या तोफा-यंत्रांसह, भरून मिळेल ते आधी ठरवा. लुटीवरचा सौदा फक्त तिथे घ्या जिथे लूट दिसते आहे. बांधकाम पाडल्यावर त्याचा क्वांटम कोर नावाचा महागडा भाग सांगाड्यात मिळतो; तो कोणाचा, यावरून झालेली भांडणं मूळ युद्धापेक्षा लांबलेली पाहिली आहेत.

‘काम झालं’ म्हणजे काय, ते लिहून घ्या

खेळात वस्तू विकण्याचे, लिलावाचे आणि मालवाहतुकीचे कॉन्ट्रॅक्ट आहेत. बांधकाम पाडायच्या सुपारीचं कॉन्ट्रॅक्ट नाही. सगळं शब्दावर. व्याख्या ढिली राहिली की काय होतं, हे जुन्या बाउंटीवरून कळतं. २०१२ च्या अखेरीपर्यंत खेळाडूच्या डोक्यावर लावलेलं बक्षीस मारणाऱ्याला सगळंच्या सगळं मिळे. मग ज्याच्या डोक्यावर बक्षीस तोच आपल्याच मित्राच्या हातून मरे, आणि रक्कम दोघं वाटून घेत. पुढे बक्षीस बुडालेल्या मालाच्या किमतीला बांधावं लागलं. कालांतराने ती सोयच काढून टाकली.

गिऱ्हाईकाला पाठवायचा मेल साधारण असा असावा (त्यातला किलमेल म्हणजे काही नष्ट झालं की खेळच पाठवतो ती नोंद):

“लक्ष्य: अमुक सिस्टीममधलं अमुक अ‍ॅथनर. त्याचा किलमेल आला की काम पूर्ण, शेवटची गोळी कोणाचीही असो. मालकाने स्वतः ते उतरवून नेलं तरी काम पूर्ण. मुदत: लढाई सुरू झाल्यापासून दोन आठवडे. कॉनकॉर्डची फी तुमची, आगाऊ. मोबदला निम्मा आधी, निम्मा किलमेलनंतर २४ तासांत. कोर आणि लूट आमची. मुदतीत एखाद्या टायमरला आम्ही हजर राहिलो नाही तर आगाऊ रक्कम परत.”

शेवटचं वाक्य नवे लोक गाळतात, आणि जुनी गिऱ्हाइकं नेमकं तेच शोधतात. मोठ्या रकमेला दोघांच्या विश्वासातला तिसरा माणूस मध्ये घ्या, जो रक्कम धरून ठेवेल. तो तुम्ही ओळखत नसाल आणि फक्त गिऱ्हाईक ओळखत असेल, तर तो तिसरा नव्हेच.

गिऱ्हाइकाच्या तिजोरीत पैसे येतात कुठून, तेही पाहा. २०१६ मध्ये आयएसकेवर जुगार चालवणाऱ्या एका साइटच्या मालकांनी इम्पीरियम या बलाढ्य आघाडीविरुद्ध अलायन्स, म्हणजे कॉर्पचे गट, आणि भाडोत्री उतरवले. पैशाचा पूर आला आणि इम्पीरियमला उत्तरेतला आपला प्रदेश सोडावा लागला. त्याच वर्षाअखेर सीसीपीने असल्या जुगारावर बंदी घातली. ते झरे आटले.

प्रत्यक्ष काम

यात सांगण्यासारखं कमी आणि कंटाळवाणं जास्त आहे. खेळातल्या लोकेटर एजंटला, म्हणजे माणसांचा ठावठिकाणा सांगणाऱ्या संगणकी पात्राला, पैसे देऊन लक्ष्य कुठे आहे ते काढा. त्यांचे जुने किलमेल झेडकिलबोर्ड या सगळ्यांना खुल्या साइटवर वाचा. ते कोणत्या तासांत मरतात, म्हणजे कोणत्या तासांत खेळतात, ते तिथे दिसतं. मग टायमरला पंधरा मिनिटं आधी हजर राहा. निम्म्या वेळा समोरचा येतच नाही आणि तुम्ही अर्धा तास एका इमारतीवर गोळ्या झाडता. मोबदला याचाही तितकाच.

मधल्या काळात समोरून मेल येतो: “तुम्हाला जे मिळतंय त्याच्या दुप्पट देतो, आमच्या बाजूला या.” नाही म्हणा आणि तो मेल गिऱ्हाइकाला दाखवा. खंडणी घेऊन एखाद्याला सोडायचं ठरवलं असेल तर खरंच सोडा. नियमाने दोन्हीकडे दगा चालतो, पण किलबोर्डसारखीच लोकांची आठवणही सार्वजनिक असते.

पहिलं काम कुठलं घ्यावं

हल्ल्याचं नको. ज्यांच्यावर युद्ध पुकारलं गेलंय त्यांच्या बाजूने उतरा. २०१२ पासून युद्धाच्या खिडकीतूनच बचाव करणाऱ्याला मदतीचा प्रस्ताव पाठवता येतो आणि त्यातच रक्कम टाकता येते. त्याने होकार दिला की आयएसके पाकिटात येतात. उधारी नाही आणि मध्यस्थही नाही. युद्ध पुकारण्याची फी तुमच्यावर पडत नाही, मुख्यालय सांभाळावं लागत नाही, आणि हल्लेखोराचं मुख्यालय कुठे आहे ते खेळ स्वतःच दाखवतो. पहिल्या दोन-तीन प्रस्तावांत रक्कम अगदी किरकोळ ठेवा; त्यातून जे किलमेल जमतील तेच पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायचे आहेत.