घरच्या पीसीबीला कल्हई

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी घरी केलेला माझा पहिला पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पार्ट जोडायचा तांब्याच्या रेघांचा बोर्ड, नको असलेलं तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडमधून बाहेर आला, तेव्हा चिंचेनं घासलेल्या तांब्यासारखा लखलखत होता. परीक्षा तोंडावर आली म्हणून तो कपाटावर पडून राहिला. महिन्याभरानं पार्ट लावायला बसलो, तर तांबं तपकिरी पडलेलं आणि मधोमध माझ्या अंगठ्याचा काळा ठसा. पार्ट जोडायचं सोल्डर, म्हणजे कथील-शिशाचं मिश्रण, बसेचना, गोळी होऊन घरंगळायचं. शेवटी सोल्डर गन दाबून धरली, तर अख्खा पॅड, म्हणजे पार्टचा पाय जोडायची तांब्याची टिकली, बोर्डावरून सुटून बिटीला, म्हणजे गनच्या तापत्या टोकाला, चिकटून आला.

आजी शेजारीच बसली होती. म्हणाली, "तांबंच हाय न्हवं? मग कल्हई का करत न्हाईस?"

तिथून मला टिनिंगचं, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याला सोल्डरचा पातळ थर चढवायचं, काम उमगलं. सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर, दिवसभर मागांचा खडखडाट. लहानपणी गल्लीत कल्हईवाला यायचा. पितळी पातेलं घासून भट्टीवर तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर उठायचा. मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं एक फेर मारायचा की आतून पातेलं चांदीसारखं. तो म्हणायचा, "भांडं तापू दे, कथील आपण होऊन पळतंय." टिनिंग करताना मी आजही तेवढंच ध्यानात ठेवतो. तापवायचं तांबं, सोल्डर नाही.

आधी सफाई. एचिंग झालं, म्हणजे फेरिक क्लोराइडनं नको ते तांबं खाल्लं, की बोर्ड भरपूर पाण्यानं धुवा, ट्रॅकवरची (तांब्याच्या रेघांवरची) शाई थिनरनं काढा आणि बारीक स्टील वूलनं तांबं एकसारखं गुलाबी दिसेपर्यंत घासा. पुन्हा धुऊन कोरडं करा. यानंतर तांब्याला बोट लावायचं नाही, बोर्ड कडेनंच धरायचा. मग लगेच फ्लक्स, म्हणजे तापवताना तांबं स्वच्छ ठेवून सोल्डर नीट पसरू देणारा लेप. रोझिन म्हणजे राळच. ती कुटून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवली आणि ब्रशनं पातळ फासली की झालं. मात्र नवसागर किंवा नळजोडणीची अॅसिडवाली पेस्ट बोर्डाला लावू नका. त्यातला क्लोराइड बारीक फटीत राहून जातो आणि पुढं ट्रॅक हिरवा पडून खाल्ला जातो.

सोल्डर 63/37 (63 टक्के कथील, 37 टक्के शिसं) मिळालं तर उत्तम, ते 183 अंश सेल्सिअसला एकदम वितळतं. 60/40 नंही काम भागतं. बिट चपटी, छिन्नीसारखी घ्या. टोकदार बिटीतून उष्णता पुरेशी उतरत नाही.

खरी करामत डिसोल्डर विकची. सोल्डर शोषून घ्यायची ती तांब्याची विणलेली पट्टी आपण उलट्या कामाला लावायची. तिच्या टोकाला थोडं सोल्डर पाजा, ते टोक ट्रॅकवर ठेवा, वरून बिट टेकवा आणि दोन्ही मिळून ट्रॅकच्या लांबीनं सावकाश ओढत न्या. पट्टी जास्तीचं सोल्डर पिते, कमी पडेल तिथं सोडते. मागं गुलाबी रंग जाऊन चांदीची पातळ रेघ उमटत जाते. पहिल्यांदा ती उमटताना पाहिली तेव्हा मी आजीला हाक मारली होती. एका जागी दोन-तीन सेकंदांहून जास्त थांबू नका. माझ्यासारखा तपकिरी हायलमचा, म्हणजे कागद आणि रेझिन दाबून केलेला स्वस्तातला, बोर्ड असेल तर आणखीच जपा. काचेच्या धाग्यांच्या ग्लास इपॉक्सी बोर्डाच्या मानानं त्याचं तांबं लवकर सुटतं.

विक नसेल तर कल्हईवाल्याची रीत. बिटीनं सोल्डर पसरायचं आणि ओलं असतानाच कापडानं पुसून न्यायचं. कापड निखळ सुती हवं, पॉलिस्टर वितळून चिकटतं. सोलापुरात याची ददात नाही, टॉवेलच्या कारखान्यातली कतरण मूठभर आणली की वर्षभर पुरते.

काही जण जास्त करंट जावा म्हणून ट्रॅकवर सोल्डरचे ढीग चढवतात. मला ते पटत नाही. सोल्डरचा रोध तांब्याच्या आठ-नऊ पट असतो, त्यापेक्षा ट्रॅकवर उघडी तांब्याची तार झाळा. शिवाय ढिगांवर एसएमडी पार्ट, म्हणजे भोकाशिवाय थेट बोर्डावर बसणारे बारीक पार्ट, डुगडुगतात. थर पातळच हवा.

भोकं टिनिंगनंतर पाडा, नाहीतर ती सोल्डरनं बुजतात. शेवटी अल्कोहोलनं फ्लक्स धुऊन दोन ट्रॅकमध्ये कुठं सोल्डरचा पूल झालाय का ते भिंगातून बघा आणि मीटरनं तपासा.

काम खिडकीशी करा, रोझिनचा धूर छातीला त्रास देतो. आजीच्या पातेल्याला निव्वळ कथील लागायचं, आपल्या तारेत मात्र शिसं असतं. म्हणून हात साबणानं धुतल्याशिवाय काही खायचं नाही, आणि पुसायची कतरण वेगळ्या डब्यात ठेवायची. आमच्या घरी त्या डब्यावर आजीनंच लाल चिंधी बांधून ठेवली होती, चुकून स्वयंपाकघरात जाऊ नये म्हणून.