हेल्दी खायला सुरुवात केली पण फरक पडत नाहीये? मग या चुका टाळा

हेल्दी खायचं ठरवलं की बहुतेक जण सगळ्यात आधी ताटातून काहीतरी काढून टाकतात. कुणी कार्ब्स बंद करतं, कुणी तेल बंद करतं, कुणी रात्रीचं जेवणच बंद करतं, आणि जे काढलं त्याच्या जागी काय येणार याचा विचारच कुणी करत नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, बाकीच्या बऱ्याच चुका हिच्यातूनच निघतात. जेवण अर्धवट झालं की दोन-तीन तासांत परत भूक लागते, मग बिस्किटं, वेफर्स, हाताला लागेल ते पोटात जातं आणि वर आपण स्वतःलाच दोष देत बसतो की माझा मनावर ताबाच नाही. अहो, ताब्याचा प्रश्न बऱ्याचदा नसतोच, जेवणात प्रोटीन आणि फायबर कमी पडलेलं असतं.

म्हणून काय सोडायचं हे ठरवण्याआधी ताटात काय वाढवायचं ते ठरवा. सोपा हिशोब म्हणजे अर्धं ताट भाज्या आणि फळं, पाव ताट धान्य (शक्यतो अख्खं, पॉलिश न केलेलं) आणि उरलेल्या पाव ताटात डाळी, कडधान्यं, अंडी, मासे, दही असं काहीतरी प्रोटीनवालं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला रोज किमान 400 ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते आणि त्यात बटाटा धरत नाही, हे खूप जणांना माहीतच नसतं. बटाट्याची भाजी खाऊन भाजीचा कोटा पूर्ण झाला असं समजू नका.

आता प्रोटीनचं बघू, कारण इथे गोंधळ जास्त होतो. निरोगी मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण 0.8 ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे 60 किलो वजन असेल तर 48 ग्रॅम. लोक डाळीच्या पाकिटावर 100 ग्रॅमला 24 ग्रॅम असं वाचतात आणि वाटीभर वरण प्यायलं की निम्मं काम झालं असं समजतात. पण तो आकडा कोरड्या डाळीचा आहे. शिजताना डाळ पाणी पिते त्यामुळे शिजलेल्या घट्ट डाळीत 100 ग्रॅमला साधारण 9 ग्रॅमच उरतं, आणि पातळ केली की अजून कमी. एका अंड्यात 6 ग्रॅमच्या आसपास असतं, कपभर दुधात 8. एकदा असा दिवसभराचा हिशोब कागदावर मांडून बघाच, बहुतेक वेळा सकाळचा नाश्ता रिकामा निघतो. तिथेच भर घाला, सगळं रात्रीवर ढकलू नका.

फायबर वाढवलं आणि पोट फुगायला लागलं, गॅस झाला, म्हणून सोडून देणारेही खूप आहेत. पदार्थ चुकीचा नसतो, घाई चुकीची असते. मोठ्या माणसाला दिवसाला किमान 25 ग्रॅम फायबर हवं हे खरं, पण आतापर्यंत फार कमी खात असाल तर एकदम तिथे उडी मारू नका. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा, कडधान्यं नीट भिजवून शिजवा आणि सोबत पाणी वाढवा, नाहीतर उलटा बद्धकोष्ठतेचा त्रास होतो.

साखर सोडून मध आणि ज्यूसवर जाणं हाही एक गैरसमज. मधातली आणि ज्यूसमधली साखर जागतिक आरोग्य संघटना साध्या साखरेच्याच हिशोबात धरते, आणि तिची मर्यादा आहे एकूण कॅलरीजच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी, म्हणजे 2000 कॅलरीज खाणाऱ्याला 50 ग्रॅमच्या आत, त्याच्या निम्मी ठेवली तर अजून चांगलं. फळ चावून खा, एवढंच.

मिठाचं मात्र जरा थांबून बघा, कारण ते दिसत नाही. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरही नाही, आणि पाकिटावर मीठ असं न लिहिता सोडियम लिहिलेलं असतं. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ कळतं. समजा पाकिटावर एका सर्व्हिंगला 300 मिलिग्रॅम सोडियम आहे आणि सर्व्हिंग धरलंय 30 ग्रॅमचं. वाचायला किरकोळ वाटतं, पण गप्पा मारता मारता आपण 100 ग्रॅम सहज संपवतो, म्हणजे 1000 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ, दिवसाचा निम्मा कोटा एका पाकिटात गेला आणि जेवण अजून बाकीच आहे! त्यामुळे "मल्टिग्रेन", "नॅचरल" असल्या पुढच्या मोठ्या अक्षरांवर जाऊ नका. मागची यादी वाचा, त्यात जे सगळ्यात जास्त वापरलंय ते आधी लिहिलेलं असतं.

तेल पूर्ण बंद करणाऱ्यांनो, ए, डी, ई आणि के ही व्हिटॅमिन्स शरीरात शोषली जायला फॅट लागतं, त्यामुळे कोरडं सॅलड खाऊन स्वतःचंच नुकसान करू नका. फक्त मोजून घाला, कारण एका टेबलस्पूनमध्येच 120 कॅलरीज जातात.

आणि सगळं नीट खाऊनसुद्धा थकवा जात नसेल तर अजून एक डाएट सुरू करण्याआधी हे तपासा. चहा-कॉफी जेवणासोबत घेताय का? त्याने धान्य-भाज्यांमधलं लोह कमी शोषलं जातं, तासभर अंतर ठेवा आणि जेवणात लिंबू किंवा व्हिटॅमिन सी असलेलं काहीतरी घ्या. दूध, अंडी, मांस, मासे यातलं काहीच खात नसाल तर बी12 साठी सप्लिमेंट किंवा बी12 मिसळलेले पदार्थ लागणारच, नुसत्या भाज्यांवर ते भागत नाही. डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन आणि बी12 ची रक्ततपासणी करून घ्या. किडनीचा त्रास किंवा डायबेटिस असेल तर वर सांगितलेलं प्रोटीन आणि फळांचं प्रमाण स्वतःच्या मनाने बदलू नका, ते आधी डॉक्टरांकडून किंवा आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या.